श्वासाकडे वाकणारी रोपं

मी गेलो होतो मुलीचं सामान आणायला. स्वेटर, चपला, चहाचा मग आणि तो पांढरा कोट. कोट मीच शिवलेला. मी शिंपी. ठकूला, म्हणजे माझ्या मुलीला, बाजारचे कोट आवडायचे नाहीत. त्यांचे खिसे उथळ असतात म्हणायची. ती वनस्पतींवर संशोधन करायची. तिचे निबंध छापून आले की मला वाचून दाखवायची. मला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण ती वाचत असताना ऐकत बसायला बरं वाटायचं.

दम्यानं गेली ती. लहानपणापासूनचा दमा. असो.

भर दुपार होती. प्रयोगशाळेत तिची विद्यार्थिनी एकटीच होती. सारखी बोलते म्हणून ठकूनं तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. त्या दिवशी चिमणीनं मुकाट्यानं पिशवी माझ्या हातात दिली.

"रडलीस का गं?" मी विचारलं.

"नाही काका. डोळ्यात काहीतरी..."

"दोन्ही डोळ्यांत?"

मग ती स्टुलावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ठकूनं एका जातीच्या रोपांमधला एक जीन बंद केला होता. ती रोपं पूर्ण अंधारात वाढवायची. जवळ कोणी बसलं की रोपं त्या माणसाच्या श्वासाकडे वाकायची. साधी रोपं मात्र सरळच राहायची. हाच तिचा शेवटचा निबंध.

"आणि आता वाकत नाहीत?"

"वाकतात ना! तेच तर. मी टेबलाच्या या बाजूला बसते आणि ती वाकतात पलीकडे. पलीकडे कोणी नसतं काका. मॅडमचं रिकामं स्टूल असतं नुसतं. आमचे प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणतात, कुठूनतरी उजेड येत असेल, वारा लागत असेल, म्हणजे निबंधच चुकला. उद्या ते तो मागे घेणार आहेत. एकदा मागे घेतला की लोक काय म्हणतील? मॅडमनी निकाल घरी बसून बनवले, असंच ना?"

मी पिशवी खाली ठेवली. माझ्या पोरीनं परीक्षेत नापास झाल्याचंसुद्धा कधी लपवलं नव्हतं.

"ठकूनं लिहिलंय ना वाकतात म्हणून? मग वाकणार. चल, मी बसतो तुझ्याबरोबर."

"तुम्ही काय करणार काका?"

"श्वास घेणार. चौथी पास माणसाला तेवढं जमतं."

तेव्हा कुठे ती हसली.

ती खोली लहान होती, बिनखिडकीची. दाराच्या फटींना काळी पट्टी लावलेली. चिमणीनं भिंतीवरचा हिरवा दिवा लावला. तेवढा मंद उजेड रोपांना जाणवत नाही, म्हणाली. मधल्या टेबलावर दोन ट्रे होते. त्यांत दोऱ्यासारखी बारीक, फिकट रोपं ताठ उभी होती. एका ट्रेमध्ये साधी, दुसऱ्यात ठकूची. आम्ही दोघं एकाच बाजूला बसलो. समोर ते रिकामं स्टूल. मग तिनं दिवा बंद केला.

बाहेर लखलखीत ऊन आणि इथे डोळ्यासमोर धरलेला हात दिसेना. ओल्या मातीचा वास येत होता. कुठेतरी पंखा घुमत होता. एका नळीतून पाणी गळत होतं, थांबत होतं, पुन्हा गळत होतं. बराच वेळ गेला.

"काका," चिमणी कुजबुजली, "तुम्हालाही दमा आहे?"

"नाही."

"मग ही शिट्टी..."

मी कधीचा ऐकत होतो. आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना घरघर, आणि मध्ये जरासा अडखळा. ठकू लहान असताना तिला उशीला टेकवून मी रात्र रात्र तो आवाज ऐकत बसायचो. डोळा लागलाच आणि तो थांबला, तर मला जाग यायची. त्यामुळे मला तो ओळखायला वेळ लागला नाही.

आवाज समोरून येत होता.

"रोज येतो हा," चिमणी म्हणाली. "मला वाटायचं... पंखा आहे."

"दिवा लाव."

हिरव्या उजेडात समोर स्टूल रिकामं होतं. साधी रोपं सरळ होती. ठकूच्या ट्रेमधलं मात्र एकूण एक रोप तिकडे वाकलं होतं, बोलणाऱ्या माणसाकडे लोकांनी माना वळवाव्यात तसं.

चिमणीनं माझी बाही घट्ट धरली. मला भीती वाटली नाही. आपल्याच लेकराची काय भीती? वाटलं ते एवढंच, की अजून हिला दम लागतोच आहे.

"दुसरा ट्रे ठेव. ठकूच्याच रोपांचा, न वाकलेल्या," मी म्हणालो. "आणि दिवा घालव."

अंधारात मी नेहमीच्या आवाजात बोललो. "ठकू, तुझा निबंध खरा आहे. मला माहीत आहे, हिला माहीत आहे. पण तू इथे बसलीस तर बाकीच्यांना कसा कळणार? तुझ्यापुढे आमचा श्वास रोपांना लागतच नाही गं. ऊठ आता. या पोरीला करू दे."

शिट्टी तशीच चालू राहिली. मग स्टुलाचे पाय फरशीवर घासले. चपलांशिवायची पावलं, हळू, आमच्या मागून गेली. माझ्या खांद्याशी क्षणभर थांबली. गार वाटलं तिथे. दार काही उघडलं नाही. त्यानंतर फक्त पंखा आणि पाणी.

आम्ही हललो नाही. पुष्कळ वेळानं दिवा लावला तेव्हा ठकूची सगळी रोपं आमच्याकडे वाकली होती.

"काका!" चिमणी ओरडलीच.

मग आम्ही बाजू बदलून बसलो, नवे ट्रे घेऊन बसलो, आणि दर वेळी रोपं आमच्याच बाजूला आली. तिनं सगळ्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सरांना तिनं आपल्या हातानं खोलीत नेऊन बसवलं. रोपं सरांकडेही वाकली. निबंध मागे घेतला गेला नाही. ठकूचं नाव जिथे होतं तिथेच राहिलं.

पुढे दूरच्या एका प्रयोगशाळेनं ते बी मागवून घेतलं. मला आनंद झाला. पोरीचं काम जगात फिरायला लागलं.

परवा चिमणी दुकानात आली. फोनवर तिनं मला एक फोटो दाखवला. तिकडच्या लोकांनी पाठवला होता. त्यांनी खोली बंद करून कॅमेरा लावला होता, आत कोणालाही बसवलं नव्हतं, आणि रोपं वाकली होती. हे कसं, असं ते विचारत होते.

मी फोटो मोठा करून पाहिला. अर्धी रोपं एका बाजूला झुकली होती, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीकडे.

"ही ठकूकडे," मी म्हणालो. "तिला धीर कुठला. बघायला गेली असणार."

"मलाही तेच वाटलं काका. पण बाकीची बघा ना."

बाकीची अर्धी दुसऱ्या बाजूला गेली होती. ती ट्रेच्या कडेवरून पार खाली ओघळली होती आणि त्यांचे शेंडे टेबलाखाली वळले होते.

"मॅडम कधी..." चिमणीनं आवाज अगदी लहान केला. "मॅडम कधी टेबलाखाली जमिनीवर पालथ्या पडून राहायच्या का?"

"नाही," मी म्हणालो. "पालथं पडलं की तिचा श्वास कोंडायचा."