रुमाल टाकलेली खुर्ची

थिएटरात जाऊन पिक्चर बघणं मला कधी पटलं नाही. पुढच्याचं डोकं, मागच्याचे गुडघे, शेजारच्याचा फोन. माझी बायको उत्कर्षा मात्र हट्टाची. "चार लोकांत हसलं की बरं वाटतं," म्हणायची. शेवटी तिचं तोंड बंद करायला मी मलकापुरातल्या आमच्या हॉलमध्येच थिएटर केलं. प्रोजेक्टर बसवला, काळे पडदे लावले. कऱ्हाडला एक जुनं थिएटर पाडत होते, तिथून एकमेकींना जोडलेल्या तीन खुर्च्या आणल्या. लोखंडी, स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते, तसल्या.

पहिल्याच रविवारी जेवणं झाल्यावर पडदे ओढले. मी कडेला बसलो. मधल्या खुर्चीच्या पाठीवर एक मळका रुमाल टाकलेला होता. माझा नव्हता, तिचाही नव्हता. घामाचा आणि विडीचा वास येत होता. उत्कर्षा पलीकडच्या कडेला निघाली.

"हितं बस की, माझ्याजवळ."

"आवं, रुमाल हाय. कुणीतरी जागा धरलीया."

"माझ्या घरात कोण जागा धरतंय?"

रुमाल चिमटीत धरून मी खिडकीबाहेर फेकला आणि तिचा हात ओढून तिला मध्ये बसवलं. पिक्चर सुरू झाला. थोड्या वेळानं ती कुजबुजली.

"आवं... कुणीतरी आलंय."

"कुठं?"

"माझ्या मांडीवर... बसलंय. लय जड हाय."

थिएटरला न्यावं म्हणून नाटकं चाललीत, असं वाटून मला संताप आला.

"गप बस. पिक्चर बघ."

"मला उठवा की..."

घरी पिक्चर पाहिजे तेव्हा थांबवता येतो, हे मीच सगळ्यांना ऐकवायचो. रिमोटही हातातच होता. पण मारामारी ऐन रंगात आली होती. तिच्या खुर्चीची स्प्रिंग करकरत खाली दबत गेली. मग ती काही बोलली नाही. म्हटलं, आली ताळ्यावर.

दिवा लावला तेव्हा तिचे डोळे पडद्याकडेच होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मांड्या एवढ्या काळ्यानिळ्या कशानं, असं त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक? तिचा मोर विणलेला गुलाबी रुमाल तिच्या आईनं चितेवर तिच्या हातात दिला. माझ्या डोळ्यांदेखत जळला तो.

तेरावं झालं. मधली बैठक काही वर मिटत नाही. तेल घालून पाहिलं, ओढून पाहिली. पलीकडच्या कडेची कालपर्यंत वर होती, आज तीही खाली आहे. उत्कर्षाला तिथंच बसायचं होतं.

राहिली माझी. त्या खुर्चीत बसायला मला आता भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण तुम्ही पाहुणे, मघापासून उभेच आहात. बसा की, पिक्चर लावतो. थांबा, पाठीवरचा तो गुलाबी रुमाल तेवढा बाजूला करतो... अजून गरम आहे.