डोक्याकडची दोरी

“डोक्याकडची दोरी तुझ्या हाती? का रे मर्डो? मेंढपाळाच्या हाती का?” गढीच्या दिवाणखान्यात म्हाताऱ्या बाईसाहेबांनी चिठ्ठी त्याच्यापुढे नाचवली. आपली शवपेटी कबरीत सोडताना कुणी कुठली दोरी धरायची, हे त्यांचे चिरंजीव ॲलिस्टर स्वतः लिहून गेले होते. आणि डोक्याकडची दोरी म्हणजे सगळ्यांत जवळच्या रक्ताच्या माणसाची!

मर्डोनं चिठ्ठीवरचं अक्षर ओळखलं. ॲलिस्टरला कळलं होतं? कधी? कुणाकडून? कोटाच्या आतल्या खिशात आईनं जन्मभर जपलेला कागद होता. थोरल्या लॉर्डसाहेबांनी तरुणपणी दोन साक्षीदारांसमोर तिला बायको मानून त्यावर सही केली होती. स्कॉटलंडात तेवढ्यानंही लग्न पक्कं होई. पुढे त्यांनी चर्चमध्ये या बाईसाहेबांशी लग्न लावलं, आणि आई एक चकार शब्द न काढता झिजून गेली. तो कागद दाखवला की मर्डो ग्लेनफाराचा लॉर्ड... आणि बाईसाहेब? ऐंशीव्या वर्षी नुसती ठेवलेली बाई!

“आणखी कुणी वारस?” एडिनबराहून आलेल्या वकिलानं विचारलं. “नसेल तर तीनशे वर्षांची पदवी आज संपली म्हणायची.”

“बोल की मेल्या!” बाईसाहेबांनी काठी आपटली. “मिठाची गुळणी धरलीयस का?”

“धाकट्या साहेबांना लहानपणी मासे धरायला मी शिकवलं, बाईसाहेब... त्याचीच आठवण ठेवली असेल.”

हा शहाणपणा झाला की गाढवपणा, त्याचं त्यालाच उमजेना. आईचं नाव आपणच पुसलं की काय?

दफनभूमीत पेटी कबरीच्या तळाला टेकली. रिवाजाप्रमाणे दोऱ्या तिच्यावरच सोडायच्या. मर्डोनं आपल्या दोरीच्या टोकात तो कागद गुंडाळला आणि हात मोकळे केले. वकिलानं टोपी घातली. ग्लेनफारा संपलं.

इतक्यात पुरुषमंडळी बाजूला सरली. बायकांनी कबरीपाशी यायचं नाही, ही तिथली रीत. पण बाईसाहेब काठी टेकत, चिखल तुडवत आल्या होत्या!

“यांनी मरताना ॲलिस्टरला सांगितलं होतं रे... त्यानं मला परवा सांगितलं,” त्या हुंदके देत म्हणाल्या. “तू बोलशील म्हणून जीव मुठीत धरला होता मी! आणि तू बोलला नाहीस, तर आता तोंड कुठं लपवू?”

“बाईसाहेब, तुम्ही...”

“बघतोस काय नुसता? तुझ्या भावाला मूठमाती दे!”

मर्डोनं ओली माती उचलली. साठ वर्षांत कधी ‘साहेब’ म्हटल्याविना घेतलं नव्हतं, ते नाव त्यानं घेतलं.

“ॲलिस्टर... बाळा...”