लोकांकडे पाठ केलेले स्पीकर

कारंज्याच्या एसटी स्टँडवर मी वाशीमच्या गाडीची वाट पाहत बसले होते. मांडीवर कोराकरकरीत भोंगा, आणि तोंडावर ‘कोणी काही विचारून तर पाहा’ असा भाव. तरी त्यानं विचारलंच.

“बाई, कोनाच्या घरी लग्न हाय?”

मी वर पाहिलं. उंच, सावळा, खिशात स्क्रूड्रायव्हर, बोटांवर सरसाचे डाग. आणि डोळ्यांत हसू... ते तर बिलकूल लपवलेलं नव्हतं.

“लग्न नाई,” मी म्हटलं. “माह्या गान्याची टेप ऐकाची हाय.”

“भोंग्यावर?” आणि तो चक्क हसला. मोठ्यानं!

असा राग आला म्हणून सांगू! मी गंगू. वाशीमच्या शाळेतली मास्तरीण, आणि जानरावांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, गायन पार्टीची मुख्य गायिका. भीमगीतं बाबांनी रचायची आणि मी गायची. माझा आवाज लागला की माणसं हातातला घास टाकून यायची. माझ्यावर हसायची अख्ख्या वाशीमात कोणाची टाप नव्हती.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा तोरा नुसता वरवरचाच होता. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं नमुन्याची टेप मागवली होती. आम्ही घराच्या मधल्या खोलीत टेपरेकॉर्डर मांडला, तीन गाणी भरली, पार्टीच्या भोंग्यावर ऐकली. झकास! आणि पाठवली. ती महिन्याभरात परत आली. ‘ढोलकीखाली गायिका ऐकू येत नाही. पंधरा ऑक्टोबरच्या आत दुसरी पाठवा. त्यानंतर घेता येणार नाही.’ त्या दिवसापासून बाबांनी एक ओळ लिहिली नव्हती. जुना भोंगा बिघडला असेल, असं समजून मी नवा घ्यायला आले होते.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, देव जाणे. त्यानं मात्र आता हसणं थांबवलं होतं.

“भोंग्यातून ढोलकी कशी वाजते, बाई?”

“बारीक. नुसती टकटक.”

“मंग तुमी काय केलं?”

“ढोलकीवाल्याले माइकजवळ सरकवलं, अन् पुन्हा भरलं...”

त्यानं माझ्या मांडीवरच्या भोंग्यावर टिचकी मारली. टक! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ढोलकी भोंग्यात बारीक होती, टेपवर नव्हती! आम्हीच तिला पुढं आणून माझ्या डोक्यावर बसवली होती.

“अगं माय वं!”

“भोंगा आवाज दूर फेकाले असते,” तो म्हणाला. “खरं-खोटं पाहाले नाई. मध्यस्थानं थाप मारावी अन् आपन सोयरीक पक्की करावी, तसं झालं तुमचं. हा परत करा. मी स्पीकरचे दोन डबे बनवून देतो. सागाची पेटी अन् आवाज घुमू नये म्हनून आत आपल्या कारंज्याची रुई.”

“गोड वाजतीन?”

“नाई. खरे वाजतीन.”

“बरं, भाऊ—”

“मिस्तरी म्हना, देवमन म्हना, काईबी म्हना,” तो घाईघाईनं म्हणाला. “भाऊ तेवढं नका म्हनू.”

मी मान फिरवली. हसू आलं होतं, ते त्याला कशाला दाखवू?

बरोबर तीन आठवड्यांनी देवमन एसटीच्या टपावरून दोन डबे घेऊन उतरला. गोधडीत गुंडाळलेले, अगदी लेकरांसारखे. घरी आणले, आईनं, म्हणजे लिलाबाईनं, त्याला चहा दिला. तो चहा प्यायला अंगणात बसला आणि तेवढ्यात बाबांनी पराक्रम केला. दोन्ही डबे उचलून खिडकीत मांडले. तोंडं गल्लीकडे!

“हे काय केलं, बाबा?” मी कपाळावर हात मारला.

“काय म्हंजे? स्पीकर लोकाइकडं तोंड करूनच असते. माह्या पोरीचा आवाज मोहल्ल्यानं आयकला पायजे!”

बाबांचं काय चुकलं म्हणा. जन्मभर त्यांनी स्पीकर सभेसाठीच बांधला होता. गाणारीनं स्वतःचं ऐकायला स्पीकर लावायचा, हे आमच्या पार्टीत कोणाच्या बापालाही सुचलं नसतं. देवमननं काही वाद घातला नाही. डबे हळूच उचलले, मधल्या खोलीत आणले, भिंतीपासून हातभर पुढं दोन स्टुलांवर ठेवले आणि तोंडं आत वळवली. मोहल्ल्याकडे पाठ.

“मोहल्ला मंग आयकन, जानरावजी,” तो म्हणाला. “पयले बाई आयकतीन.”

मग त्यानं सुतळी काढली. एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत जेवढी भरली, तेवढीच दोन्ही डब्यांपासून माझ्या पाटापर्यंत. आवाज घुमू नये म्हणून मागच्या भिंतीवर आईच्या गोधड्या टांगल्या. मी पाटावर बसल्यावर माझ्या कानाची उंची मोजायला सुतळी घेऊन तो जवळ आला... आणि तिथंच थांबला.

“काय झालं?”

“काई नाई. उंची... बरोबर हाय.”

सुतळी तर अजून त्याच्या हातातच होती!

आम्ही नवी टेप भरायला बसणार, तोच पाऊस आला. पत्र्याच्या छपरावर असा धो धो, की ढोलकीवाला शालिग्रामकाका ढोलकी बाजूला ठेवून सरळ आडवाच झाला. मग देवमननं आवाज वाढवून परत आलेली टेपच लावली. म्हणाला, “तोवर पाहू त, काय बिघडलं.”

आवाज डब्यांतून येईना. दोन्ही डब्यांच्या मधोमध, रिकाम्या जागेतून येत होता. जणू मीच तिथं, ढोलकीच्या मागं उभी राहून गात होते. मी थक्क झाले.

“पाटावरच तसं ऐकू येते,” तो म्हणाला. “बाजूले सरकलं का गेलं.”

“मंग तुमाले कसं कळन?”

“मले...” त्यानं पाटाकडे पाहिलं. पाट होता एकाच माणसाचा. मी थोडी सरकले. थोडीच हं! तो मागं उकिडवा बसला, माझ्या खांद्याशी. ओल्या मातीचा वास, सरसाचा वास, आणि माझ्या मानेवर त्याचा श्वास... मला गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “एक सांगू? वरच्या पट्टीत तुमी गात नाई. वरडता.”

झालं! मी ताडकन उठले. “माह्या आवाजाले नाव ठेवनारे तुमी कोन हो? पेट्या ठोकनारे मिस्तरी!”

त्याचा चेहरा पडला. तो उठून अंगणात गेला, पावसात. मी एकटीच पाटावर बसले, फणफणत. टेप पुन्हा लावली, तो खोटारडा आहे हे सिद्ध करायला. आणि ऐकलं... खरंच की! वर गेल्यावर माझा आवाज फाटत होता. वर्षानुवर्षं गर्दीवर, गोंगाटावर गाऊन मला ओरडायची सवय लागली होती आणि कोणी, कधीच, सांगितलं नव्हतं. सगळे नुसते टाळ्या वाजवत होते.

पाऊस उघडल्यावर मी दारात गेले. तो चिंब भिजला होता.

“चाला आत,” मी म्हटलं. “शालिग्रामकाकाले दारापाशी बसवा. दूर. अन् मी कशी गातो, ते पाहा.”

मी हळू गायले. ओरडायची गरजच काय होती? वरच्या सुरावर आवाज मोकळा सुटला, स्वच्छ, न फाटता. टेप मागं फिरवून ऐकली तेव्हा बाबा भिंतीला टेकून उभे होते. “ही माही पोट्टी हाय,” ते कोणाला तरी सांगत होते. खोलीत तर आम्हीच होतो! त्याच संध्याकाळी त्यांनी वही उघडून नवी ओळ लिहिली.

आणि देवमन?  तो टेप बंद करायचं विसरून माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेनं मला वाटलं, आपण खरंच मोठी गायिका आहोत.

टेप मुदतीच्या आत रवाना झाली, आणि दिवाळीआधी मुंबईहून पत्र आलं. ‘आवाज उत्तम. तिन्ही गाणी घेतो. तबकडीवर छापायला गायिकेचं पूर्ण नाव कळवा.’ बाबांनी ते अंगणात मोठ्यानं वाचलं, दोनदा. सगळा मोहल्ला गोळा झाला, देवमनही कारंज्याहून आला होता. मंडळाचे अध्यक्ष शेषराव म्हणाले, “जानराव, ते डबे कोनं बनवले हो? आपल्या मंडळालेबी पायजेत.”

“कारंज्याचा एक मिस्तरी हाय,” बाबा म्हणाले.

मी उभी राहिले. मान ताठ.

“एक मिस्तरी नाई, बाबा. माहा होनारा नवरा हाय.”

 आईनं तोंडावर पदर घेतला. देवमनच्या हातातला चहा अर्धा पायावर सांडला.

“मले... मले कोनं इचारलं?” तो कसाबसा म्हणाला.

“आता इचारतो. साऱ्याइच्या समोर. बोला, हाव का नाई?”

त्यानं बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाला होता नुसता.

“हाव,” तो पुटपुटला.

“आमाले ऐकू नाई आलं!” मागून बायका ओरडल्या.

“हाव म्हनतो नं!” देवमन असा गरजला की झाडावरचे कावळे उडाले, आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती माझ्या बाबांनी.