बेल वाजवू नये

वल्लरी, मोबाईल पालथा ठेव. आणि सलिल, तू मध्ये दात काढायचे नाहीत. आमच्या ऑफिसातल्या श्यामसुंदरच्या बाबतीत घडलंय हे, बिबवेवाडीत. मला सांगताना त्यानं एकदाही मान वर केली नाही.

त्याला फ्लॅट विकायचा होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको खराडीला मुलीकडे गेलेली, हा एकटाच घर दाखवायला थांबलेला. हा सांगायचा साठ लाख, येणारा पंचेचाळीसवर अडून बसायचा. गडी वैतागला आणि दारावर पाटीच लावली: ‘साठाच्या खाली बोलणाऱ्यांनी बेल वाजवू नये.’ लोक वाचून हसायचे, आणि ह्याला वाटायचं आपण मोठा तीर मारला.

एका मंगळवारी भर दुपारी बेल वाजली. दारात महिपती, मार्केट यार्डातला म्हातारा हमाल. जन्मभर हळदीची पोती वाहून बोटं पिवळीधम्मक झालेली. धापा टाकत म्हणाला, "एक्केचाळीस हाय साहेब. गावची जमीन विकली. पोराला यार्ड जवळ पडंल."

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचाया येत न्हाय."

"एक्केचाळिसात जिना येईल. बसा जिन्यात!"

आणि बेलवर पडलेला पिवळा डाग ह्यानं त्याच्या देखत रुमालानं पुसला.

"साहेब, घोटभर पाणी..."

"खाली नळ आहे." दार लावलं.

महिपती चार पायऱ्या उतरला, बसला, आणि तिथंच गेला.

चार दिवसांनी, शनिवारी, त्याचा मुलगा सोनू जिन्यात राहिलेल्या चपला न्यायला आला. "साहेब, शेवटचं पाणी तरी मिळालं का हो त्यांना?"

श्यामसुंदर म्हणाला, "हो, दिलं की."

पोरगं पाया पडलं त्याच्या! अरे, जनाची नाही तर मनाची तरी!

त्याच रात्री. सव्वाअकरा. खालच्या गेटला कुलूप. दारावर टकटक झाली.

"कोण?"

...

"साहेब... बेल न्हाय वाजवली."

ह्यानं आतून कडी चढवली.

"बसलोय... जिन्यात."

भीती होतीच. पण मला म्हणाला, "भीतीपेक्षा लाज जास्त होती रे. कोणत्या तोंडानं दार उघडू?" शेवटी भांडं भरलं. अर्धं पाणी सांडलं. परत भरलं. दार उघडलं.

अंधार. कुणी नाही.

भांडं पायरीवर ठेवलं. "चुकलो," म्हणाला. "घ्या." दार लावलं. दाराला कान लावला.

घोट...

घोट...

मग काही नाही.

सकाळी भांडं उंबऱ्याशी होतं. विसळून, पालथं घातलेलं. त्यावर पाच पिवळी बोटं उमटलेली.

पाटी त्यानं तेव्हाच उतरवली. सोनूला फोन करून सगळं खरं सांगितलं, एक्केचाळिसात घर घे म्हणाला. पोरानं फोन ठेवून दिला. घर अजून तसंच आहे. ते भांडं चिंचेनं घासलं, राखेनं घासलं. बोटं काही जात नाहीत.

ह्याला आता दोन वर्षं झाली. गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. फळीवरचं ते भांडं हातात घेऊन पाहिलं, परत ठेवलं.

माझ्या बोटांना ओली हळद लागली होती.