दुसरा साक्षीदार

रविवारी सकाळी चंडीगडच्या सुखना तलावाच्या, पाणी सोडायच्या रेग्युलेटरकडच्या टोकाला चंद्रकांत खांबेटे ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. त्यांची मुलगी क्षितिजा मागे काखेत हात खुपसून उभी होती आणि थोड्या थोड्या वेळानं घड्याळ बघत होती. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर खांबेटे मिरजेला परतले नाहीत. या पाण्यासाठी राहिलो, असं ते सांगत. हिवाळ्यात हिमालयापलीकडून पक्षी उतरत आणि ते दर रविवारी त्यांची मोजदाद करत. क्षितिजा त्यांच्याबरोबरच राहत होती आणि मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. आई गेल्यापासून रविवारची सकाळ बाबांना द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. द्यायची म्हणून ती देत होती, एवढंच.

"आयटीवाल्यांना दोनच पक्षी माहीत," ते डोळा न काढता म्हणाले. "कबूतर आणि तंदुरी."

"तंदुरी निदान गरम असते, बाबा."

ते हसले. थर्मासमधला चहा संपला होता. तिच्या पायांची बोटं बधिर झाली होती.

साडेनऊला धुकं जरा विरळ झालं. खांबेटे एकदम ताठ झाले.

"स्म्यू," ते कुजबुजले. "नर आहे. त्या वाळक्या फांदीच्या डावीकडे. दिसला का गं?"

क्षितिजाला तो स्वच्छ दिसत होता. लहानसं पांढरंशुभ्र बदक, अंगावर बर्फाला तडे जावेत तशा काळ्या रेघा. बाबा कॅमेऱ्याकडे वळेपर्यंत त्यानं बुडी मारली आणि धुकं पुन्हा मिटलं.

दुर्मीळ पक्ष्याची नोंद करायची तर फोटो हवा, नाहीतर त्या क्षणी हजर असलेला दुसरा साक्षीदार हवा. पंजाब, हरियाणा आणि हिमाचलात विखुरलेल्या त्यांच्या गटाला हा नियम खांबेट्यांनीच घालून दिला होता आणि यादीही तेच ठेवत. आपण हो म्हटलं की काय होणार, हे क्षितिजाला पाठ होतं. दुपारपर्यंत इथंच थांबायचं, दहा जणांना फोन, मग पुन्हा थांबायचं.

"नाही हो," ती म्हणाली. "मला काहीच दिसलं नाही."

त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग वहीत लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"मग नाही," ते म्हणाले. "चल, गारठलीस तू."

सोमवारी ती झोपेत असताना ते कॅमेरा घेऊन एकटेच गेले. आठच्या सुमारास फिरायला आलेल्या लोकांना ते बांधाच्या दगडांवर बसलेले सापडले. हृदय थांबलं होतं. कॅमेऱ्यात एकोणचाळीस फोटो होते, एकूण एक धुक्याचे.

तेरावं झाल्यावर गटानं यादीचं काम तिच्याकडे दिलं. सगळे सांत्वनाच्याच सुरात बोलत होते आणि तिला नकार देता आला नाही. संध्याकाळी कामावरून आली की ती बाबांच्या टेबलाशी बसे आणि आलेल्या नोंदी तपासून यादीत चढवी. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. जे बोलायचं राहिलं होतं ते ऐकणाराही आता नव्हता.

जानेवारीच्या शेवटी पंजाबातल्या हरिकेच्या पाणथळीवरून नोंद आली. स्म्यू, नर, एक. सोबतच्या फोटोत नुसतं पाणी होतं. 'दुसरा साक्षीदार' या रकान्यात लिहिलं होतं: एक वयस्क गृहस्थ, नाव विचारलं नाही.

तोच पक्षी असणार, तिनं स्वतःला समजावलं. पक्षी जागा बदलतात. नियमाप्रमाणे साक्षीदार होता, म्हणून तिनं नोंद घेतली. बाबांना मिळाली नाही ती ओळ दुसऱ्याच्या नावावर लिहिताना मात्र तिचा हात जड झाला.

आठवड्यानं हिमाचलातल्या पोंग धरणावरून तीच नोंद आली. पुन्हा रिकामा फोटो आणि पुन्हा बिननावाचे वयस्क गृहस्थ. नोंद पाठवणारे श्यामसुंदरजी गटात जुने होते, पण इतर बहुतेकांसारखे तेही खांबेट्यांना फक्त फोनवर ओळखत. तिनं त्यांना फोन केला. ते बराच वेळ थंडीबद्दल, बसच्या वेळांबद्दल बोलत राहिले.

"ते गृहस्थ कोण होते?" तिनं अखेर हिंदीत विचारलं.

"चेहरा मफलर में था जी. पर आवाज़ सुनी हुई लगी."

पुढं तिनं विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला सतलजकाठच्या रोपडहून तशीच नोंद आली. तिनं नकाशावर तिन्ही जागा मांडल्या आणि कितीतरी वेळ ती त्यांच्याकडे बघत बसली. ऊन तापू लागलं होतं. एव्हाना पक्षी उत्तरेकडे परतू लागतात, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. हा पक्षी मात्र दर आठवड्याला चंडीगडच्या जवळ येत होता.

मग चंडीगडच्या अगदी जवळच्या खरड गावाहून नोंद आली. तिथल्या एका कॉलेजात शिकवणारी हरलीन यंदाच गटात आली होती. गावाबाहेरच्या तळ्यावरची नोंद पाठवून तिनं संध्याकाळी स्वतःहून फोन केला.

"दीदी, वो अंकल आपके जानने वाले हैं क्या?"

"का? म्हणजे, क्यों?"

"बार-बार एक ही बात पूछ रहे थे. पंजाबी नहीं थी, हिंदी भी नहीं. मैंने याद कर ली." हरलीननं अनोळखी शब्द जपून, एकेक सुटा करत उच्चारले. "दिसला. का. गं."

 तू काय म्हणालीस, असं क्षितिजानं विचारलं.

"मैंने हाँ कह दिया दीदी. इशारे से भी दिखाया." हरलीन जरा घुटमळली. "फिर भी पूछते रहे. जैसे मेरे हाँ कहने से कुछ होना ही नहीं था."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षितिजा सुखनावर गेली. दुर्बीण नेली नाही, वहीही नाही. ऋतू सरत आला असूनही त्या दिवशी दाट धुकं पडलं होतं. फिरायला आलेल्यांची पावलं मागं पडत गेली आणि रेग्युलेटरच्या टोकाशी पोचेपर्यंत ती एकटीच उरली.

पाणी रिकामं होतं. वाळकी फांदी होती. पक्षी नव्हता.

ती थांबली. साडेनऊ झाले. तिच्या श्वासाची वाफ तोंडापुढं येत होती आणि विरत होती.

तिच्या डावीकडे, खांद्यापेक्षा जरा उंचावर, दुसरी वाफ येत होती.

तिनं मान वळवली. तिथं कुणी नव्हतं. वाफ येतच होती. म्हातारा माणूस घेतो तसे आखूड, थकलेले श्वास होते.

तिला पळावंसं वाटलं नाही. आपण या क्षणाला उशिरा पोचलोय, फार उशिरा, एवढंच तिला कळत होतं.

"बाबा," ती म्हणाली. "मला दिसला होता."

वाफ थांबली.

पुढचं ऐकायला कुणी श्वास रोखून धरावा, तशी थांबली.

क्षितिजा वाट बघत उभी राहिली. तिनं मनात साठपर्यंत मोजलं, मग पुन्हा साठ. डावीकडची हवा स्वच्छ होती. तिथं पुन्हा काही उमटलं नाही. समोर तिची एकटीची वाफ येत राहिली.

तरी उरलेलं ती बोलली, मोठ्यानं, त्या रिकाम्या हवेकडे तोंड करून.

"तुमच्या आधी दिसला होता, बाबा. चांगली पाच मिनिटं बघत होते मी. मला घरी जायचं होतं, म्हणून गप्प बसले."