हेराचं ‘नाही’

नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीतल्या एका जुन्या शेडमध्ये आमची ऑडिशन चालू होती. ‘ससाणा’ या गाजलेल्या हेरपटांच्या मालिकेला नवा ससाणा हवा होता. माझं काम एवढंच — कॅमेरा चालवायचा आणि त्यामागे बसून नायिकेचं वाक्य वाचायचं. तेही अगदी कोरडं.

“जाण्याआधी खरं सांग, माझ्यावर प्रेम आहे?”

त्यावर हेरानं डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलायचं — “नाही.” दोनशे अकरा देखण्या मुलांनी मला नकार दिला होता, बोला आता!

एका दुपारी दारात पावलं वाजली. मी मान वर न करताच कॅमेरा सुरू केला. “नाव, उंची. मग दोन्ही हात दाखवा.”

“विश्वजित. पाच अकरा... मॅडम, पेटी आधी खाली ठेवू का?”

अगं बाई! हा तर वाशी मार्केटातून युनिटसाठी संत्री घेऊन आलेला! मी जीभ चावली. पण स्क्रीनवर तो दिसत होता... खरचटलेली बोटं, गालातल्या गालात हसू. माझी नजर हलेचना.

“आलाच आहात तर करून टाका,” मी म्हटलं.

तो गंभीर झाला. “कॉलेजात नाटकं केलीत. वडील माथाडी, साताऱ्याकडचे. म्हणतात, आता पुरे. हा शेवटचा चान्स समजतो.”

धावणं, मारामारी, सगळं झकास केलं त्यानं. पण शेवटच्या वाक्याला गप्प. पुन्हा घेतलं, पुन्हा गप्प.

“अहो, एकच तर शब्द आहे!”

“तुमच्याकडं बघून येत नाय ना पण, मनस्वीमॅडम.”

माझे कान तापले. त्यानंतर आठवडाभर तो रोज यायचा, रोज अडायचा. मग आम्ही खाडीवर संत्री सोलत बसायचो. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंच नाही.

शनिवारी टेप पाठवायचीच होती. निवड झाली तर तो शूटिंगसाठी आठ महिने परदेशी जाणार... आणि मी समोर बसले तर निवडच होणार नाही. वेडे, ऊठ आता, मी स्वतःला म्हटलं. कॅमेरा सुरू केला, वॉचमन गंगारामकाकांच्या हातात नायिकेच्या वाक्याचा कागद दिला आणि शटरबाहेर जाऊन उभी राहिले.

“जायाच्या आदी खरा सांग, माज्यावर प्रेम हाय?” काकांनी विचारलं.

“नाही.” असं थंडगार, की माझ्या अंगावर काटा आला. रडत रडत मीच ती टेप पाठवली.

पंधरा दिवसांनी तो धावतच खाडीवर आला. “झालो गं ससाणा! सोमवारी निघायचं.”

समोर रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा पाण्यावर डुलत होता. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. तरी कागद नसताना तेच वाक्य ओठांवर आलं, आणि या वेळी ते कोरडं काही म्हणता येईना.

“जाण्याआधी खरं सांग... माझ्यावर—”

त्यानं माझा हात धरला. “कॅमेरा बंद आहे ना?”

“बंद.”

“मग आहे, मनस्वी. आहे.”