डाव्या खांद्याच्या चुण्या

तिकडं आखातात, देऱ्यातल्या नाइफ बाजाराच्या मागच्या गल्लीत मरियमबीचं टेलरिंगचं दुकान होतं. पुढं काचेचा दरवाजा, आत कटिंगचं लांब टेबल, मागं शिलाई मशिनी. वर एक एसी, तो थंड कमी करायचा आणि ओरडायचा जास्त. मरियमबी रत्नागिरीकडची. कापड बोटांत चुरगळून खरं-खोटं सांगायची, पण सुई काही तिनं जन्मात धरली नाही. शिवायला माणसं दोनच. सोमनाथ मास्तर कटिंगला, विष्णू मशिनीवर. दोघं लांज्याकडच्या एकाच वाडीतले. मास्तरनंच मरियमबीच्या मागं लागून विष्णूचा व्हिसा काढवला होता. खोली एक, स्टोव्ह एक, आणि भांडणंसुद्धा एकच, मीठ जास्त पडल्याचं.

सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर असेल. जुमेऱ्याकडची एक गोरी मॅडम आली. स्कॉटलंडची. तिच्या लोकांचा हॉटेलात मोठा जलसा होता, सूटबूट, नाचगाणं. त्या दिवशी त्यांच्या बायका पांढऱ्या झग्यावर खांद्यावरून एक लांब पट्टा घेतात. त्यासाठी तिनं रेशीम आणलेलं. हिरव्या-निळ्या चौकड्या आणि मधून एकच लाल रेघ.

"एवढी चौकडी तर आमच्या आजोबांच्या लुंगीला होती," विष्णू मराठीत पुटपुटला.

"गप रे. रेशीम बघ, रेशीम," मास्तर म्हणाला.

मॅडमनं उजव्या खांद्यावर हात ठेवला. "राइट शोल्डर, मास्टर. ओन्ली राइट. लेफ्ट नो." डावा खांदा त्यांच्यात घराण्याच्या थोरल्या बाईचा, असं काहीतरी तिनं सांगितलं.

"ओके मॅडम. नो प्रॉब्लेम."

आता हे पट्ट्याचं काम दिसतं सोपं. पण खांद्यावर जिथं पिन लागते तिथं चुण्या घालून टाचायच्या असतात. चुण्यांचा कल ज्या बाजूचा, त्याच खांद्यावर पट्टा नीट बसतो. दुसऱ्या खांद्यावर घेतला की घसरतो. शिवाय चौकडीला चौकडी भिडली पाहिजे, नाहीतर ती लाल रेघ मोडक्या पायासारखी दिसते.

मास्तरनं चष्मा चढवून मन लावून शिवलं; चष्म्याशिवाय त्याला सुई ओवता यायची नाही. आणि संध्याकाळी पुतळ्यावर चढवून बघतो, तर चुण्या डाव्या खांद्याच्या! विष्णू हसून हसून मशिनीवर आडवा.

"मास्तर, मॅडमला पदर काढून दिलात की!"

मास्तरही हसला. आयुष्यभर बायकांचे पदर डाव्या खांद्यावर बघितलेले, हात आपोआप तिकडं गेला. त्यानं टाके उसवले, उजव्या खांद्याच्या चुण्या घातल्या, पुन्हा तपासल्या, घडी घालून पट्टा कपाटात ठेवला.

तिकडं दुपारी दुकानं बंद असतात. मरियमबी घरी जायची. हे दोघं शटर ओढायचे, मशिनींच्या मधल्या जागेत चटया टाकायचे आणि आडवे व्हायचे. दुसऱ्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर मास्तरनं इस्त्री करायला पट्टा काढला.

चुण्या डाव्या खांद्याच्या.

"विष्ण्या, मस्करी पुरे हां."

"कसली मस्करी?" विष्णू तोंड धूत होता. पण बोलताना त्यानं वर बघितलं नाही, आणि ते मास्तरच्या डोक्यात बसलं.

मास्तरनं भिंग घेऊन टाके बघितले. बारीक, अगदी तांदळाच्या कणीएवढे. आणि कल उलटा. डावखुरा माणूस शिवतो तेव्हा टाका असा पडतो. विष्णू काही डावखुरा नव्हता. पण एकदा संशय शिरला की माणूस त्याला खायला घालतो. मास्तरला वाटलं, पोरगा मुद्दाम डाव्या हातानं शिवतोय, ओळखू येऊ नये म्हणून. माझी कटिंगची जागा पाहिजे याला. मीच आणला, आणि मलाच उठवायला बघतोय.

त्या रात्री खोलीत दोघं जेवले, पण कुणी मिठाचंसुद्धा बोललं नाही.

सकाळी मास्तरनं चुण्या पुन्हा उजव्या केल्या. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली. दुपारी झोपला. उठला तेव्हा किल्ली करगोट्यालाच होती. पट्टा टेबलावर होता.

डावा.

मास्तरनं आरडाओरडा केला. मरियमबी आल्याआल्या त्यानं पट्टा तिच्यापुढं टाकला. "बी, हा माझ्या कामात हात घालतो. विचारा याला."

मरियमबीनं चष्म्यावरून बघितलं. "विष्णू, तू केलंस?"

"नाय."

"मग कुणी? शटर आतून बंद, माणसं दोन. जिन्नानं शिवलं का?"

विष्णूनं मास्तरकडं एक नजर टाकली. कसली होती ती नजर, मास्तरला तेव्हा कळली नाही.

"मला बोलायला लावू नका मास्तर."

"बोल ना! चोराला बोलायला काय झालं?"

विष्णूनं मान खाली घातली. मग मरियमबी तरी काय करणार? "खलास," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नको. व्हिसाचे पेपर कॅन्सलला देते, तिकीट काढते. गावाला जा."

विष्णूनं आपली कात्री कागदात गुंडाळली आणि गेला. दरवाज्यात थांबला, म्हणाला, "दुपारचं शटर नीट लावत जा मास्तर. कुणाला दिसायला नको."

मास्तरला ती धमकी वाटली.

दुसऱ्या दिवशी मॅडम चारला पट्टा न्यायला येणार होती. मास्तरनं सकाळी चुण्या पक्क्या केल्या, दुहेरी दोऱ्यानं. दुपारी शटर ओढलं. आत एकटा. झोपायचं नाही असं ठरवून स्टुलावर बसला, पट्टा मांडीवर घेऊन. एसी ओरडत होता. कुठून तरी कापूर आणि ओल्या लोकरीचा वास आला. या गावात ओली लोकर कुठली, असं त्याच्या मनात आलं तेवढं त्याला आठवतंय.

अजाननं डोळा उघडला.

पट्टा मांडीवर होता. चुण्या डाव्या होत्या. शेवटच्या टाक्याला सुई लटकत होती.

हलत होती.

विष्णू नव्हता. शटर आतून बंद होतं.

मास्तरनं सुई चिमटीत धरून थांबवली. पहिलं त्याच्या मनात मॅडम नाही आली. विष्णू आला. पोराच्या पोटावर आपण पाय दिला.

मॅडम आली. पट्टा उलगडला. चुण्यांवरून बोट फिरवलं आणि बोट तसंच थांबलं. चेहरा खडूसारखा.

"हू डिड धिस?"

"मी मॅडम. सॉरी मॅडम. अभी ठीक करता है."

"नो." हात ओळखीचा असावा तशी ती टाक्यांकडंच बघत होती. मग हळू आवाजात तिनं मरियमबीला विचारलं, इथं कुणी बाई कामाला आहे का?

"मी एकटी," मरियमबी म्हणाली. "आणि मला काजंसुद्धा करता येत नाहीत."

मॅडमनं पट्ट्याला पुन्हा हात लावला नाही. पिशवीत घालून द्या, असं खुणेनं सांगितलं. गाडीत बसताना तिनं मागचा दरवाजा उघडला, पिशवी सीटवर ठेवली आणि बाजूला सरकून क्षणभर थांबली. कुणी आधी चढावं म्हणून थांबतात तशी. मग दरवाजा लावला.

मास्तर मरियमबीच्या पाया पडायला लागला. "विष्णूचे पेपर थांबवा बी. तो नव्हता."

"इन्शाल्ला थांबतील. ऑफिसात पेपर नेणाऱ्या मंदूबनं अजून दिले नाहीत. जा, घेऊन ये त्याला."

विष्णू खाडीवर सापडला, लाँचींच्या धक्क्यावर, चहाचा कप धरून. मास्तर शेजारी बसला.

"चल पोरा. माझं चुकलं. काल हाकलला तुला, आणि आज तू नसताना तेच झालं."

विष्णूनं सुटकेचा श्वास सोडला. "मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल बीला. मी कशाला तुमची लाज काढू? बंद शटरच्या आत परकी बाई सापडली असती तर दोघांना विमानात बसवलं असतं."

"कोण बाई?"

विष्णू हसला, पण मास्तरचा चेहरा बघून थांबला.

"ती म्हातारी गोरी. डावखुरी. दोन्ही दुपारी माझी झोपमोड झाली, तेव्हा टेबलाशी बसून शिवत होती. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, मास्तरनी मदतीला आणली असेल, आपल्याला काय करायचंय."

"आणि मी?" मास्तरनं विचारलं. "मी झोपलो होतो ना?"

विष्णूनं कप खाली ठेवला.

"तुम्ही तिच्या शेजारी बसला होता मास्तर. तिला सुया ओवून देत होता. डोळ्याला चष्मा नव्हता तुमच्या, आणि डोळे मिटलेले होते."